क्रीडागारातील हक्काची जागा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. हे व्यासपीठ विद्वानांचे आहे. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात तीसएक वर्षे फायली पुढे सरकविणाऱ्या माझ्यासारख्या साध्या पदवीधराने तेथून काय बोलावे? परंतु कार्यवाह म्हणाले, "तुम्ही क्रिकेटवर बोला. नाही तरी मंडळाच्या सहलीत तुम्ही दुसरे काय बोलता?" त्यांचे म्हणणे खरे असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही. तेव्हा आज मी क्रिकेटवर आणि एकूणच मैदानी खेळांवर बोलणार आहे. मात्र माझा विषय खेळणाऱ्यांचा नसून पाहणाऱ्यांचा आहे, आणि पाहणाऱ्यांमध्येही ज्यांना मैदानाच्या आत पोचताच येत नाही अशांचा आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी मघाच्या एका प्रसंगाचा उल्लेख करतो. मंडळाच्या संस्थापक सभासदांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांचा आज आपण सत्कार केला. त्यांना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून या सभागृहात आणले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. पण खुर्ची जिन्याच्या वळणावर कलली, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले, ते मी पाहिले. ती मुद्रा माझ्या चांगली ओळखीची आहे. तिची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे बोलता यावयाचे नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. दोन वर्षांचे असताना त्यांना पोलिओने गाठले आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. आमचे घर कऱ्हाडचे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा दादा आठ वर्षांचे होते. शेजारच्या घरी रेडिओ होता. कोणी तरी त्यांना उचलून नेऊन त्या रेडिओपाशी बसवीत असे. पुढे आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकणे हा त्यांच्या आयुष्यातील मोठा आनंद होऊन बसला. चौकटीच्या वहीत ते प्रत्येक चेंडूची नोंद ठेवीत. त्या वह्या आजही आमच्या माडीवर ट्रंकेत आहेत. मोठेपणी त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले आणि त्यावर घर चालविले. मला क्रिकेट शिकविले ते त्यांनीच. चेंडू कसा वळतो हे त्यांनी स्वतः मैदानावर कधी पाहिले नव्हते. पण बोटांत लिंबू धरून ते असे काही फिरवून दाखवीत की शाळेच्या संघातली माझी जागा त्या लिंबामुळे पक्की झाली.

१९९० नंतरच्या दशकात माझी बदली एका मोठ्या शहरात झाली. तेथे एकदिवसीय सामना होता. शहराचे आणि मैदानाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. कारण तेथे घडले ते त्या काळी कोठेही घडले असते. मी दोन तिकिटे मिळविली आणि दादांना पत्र धाडले. चुलतभावाला सोबत घेऊन ते रेल्वेने आले. सामन्याच्या दिवशी सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. वहिनींनी डबा दिला होता, तोही उघडला नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "राहू दे. तिथे सोय असेल, नसेल." त्या वाक्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही.

प्रवेशद्वाराशी एका वेळी एकच माणूस आत सोडणारे फिरते लोखंडी दार होते. त्यातून चाकांची खुर्ची जाणे शक्यच नव्हते. एका भल्या पोलिसाने धावपळ करून बाजूचे मोठे फाटक उघडविले, त्यात अर्धा तास गेला. आत पाहतो तो आमच्या जागेपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. चार अनोळखी तरुण पुढे झाले आणि त्यांनी दादांना उचलले. खुर्ची मात्र वाट अडवते म्हणून खालीच ठेवावी लागली. दादा सिमेंटच्या पायरीवर माझ्या खांद्याला टेकून बसले. पहिले षटक त्यांनी पाहिले. पुढे चौकार बसला की समोरची माणसे उभी राहत, आणि ती उभी राहिली की दादांच्या दृष्टीसमोर पाठींची एक भिंत उभी राही. मी उभा राहून त्यांना सांगू लागलो: चेंडू कोठे गेला, कोणी अडविला, कोण धावले. ज्या माणसाने मला क्रिकेट शिकविले त्याला प्रत्यक्ष मैदानात बसवून मी धावते वर्णन ऐकवीत होतो. सामना संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही तासभर तेथेच बसून राहिलो, कारण खाली नेण्यासाठी पुन्हा चार माणसे गोळा करावयाची होती. खाली आलो तर खुर्ची जागेवर नव्हती. ती कोणी तरी भिंतीमागे सारून ठेवली होती.

घरी येताना दादा एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी तू एकटा जा. रात्री फोन करून मला सगळे सांग." त्यानंतर आजतागायत ते कोणत्याही मैदानात गेलेले नाहीत. यंदा त्यांना ६२ वर्षे पूर्ण झाली.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी आमच्याशी कोणी वाईट वागले काय? मुळीच नाही. पोलीस भला होता, ते चार तरुण तर देवमाणसेच होती. चांगुलपणाला तोटा नव्हता. तोटा होता तो व्यवस्थेचा. आणि जेथे व्यवस्था नसते, तेथे माणसाला दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगावे लागते. असे जगणे किती थकविणारे असते हे ज्याला रोज जगावे लागते त्यालाच कळते.

आता व्यवस्था म्हणजे नेमके काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की दाराशी एक उतार, ज्याला आपण रॅम्प म्हणतो, तो बांधला की काम झाले. वस्तुतः ही एक साखळी आहे, आणि तिची एक कडी तुटली तर बाकीच्या कड्या निरुपयोगी ठरतात. पहिली कडी तिकिटाची. आपल्याला बसता येईल अशी जागा कोणती आणि ती मिळेल की नाही, हे घरून निघण्यापूर्वी कळले पाहिजे. दुसरी कडी वाहनतळापासून दारापर्यंतच्या वाटेची: ती सपाट हवी, तिच्यावर खडी नको आणि मध्ये साखळदंड नकोत. तिसरी दाराची: फिरत्या दाराशेजारी निदान तीन फूट रुंदीचे साधे दार हवे, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे तेथील शिपायाला ठाऊक हवे.

चौथी कडी उताराची. सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे एक फूट उंची चढावयाची तर उताराची लांबी बारा फूट हवी. जोते तीन फूट उंच असेल तर छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो, शिवाय मध्ये दम घेण्यासाठी सपाट टप्पा आणि दोन्ही बाजूंना कठडा. आपल्याकडे अनेक ठिकाणी जो आठ-दहा फुटांचा उतार दिसतो, तो सामानाच्या हातगाडीसाठी ठीक आहे. त्यावरून चाकांची खुर्ची एकट्याने चढविणे अशक्य असते, आणि उतरविणे त्याहून धोक्याचे.

पाचवी कडी प्रत्यक्ष जागेची. चाकांच्या खुर्चीला सुमारे तीन फूट रुंद आणि चार फूट लांब सपाट जागा लागते आणि वळावयाचे तर पाच फुटांचे वर्तुळ. शेजारी सोबत्यासाठी एक आसन हवे. कारण सामना पाहावयास कोणी एकट्याने येत नाही. बाप मुलाला घेऊन येतो, मित्र मित्राला. अपंगांना एका कोपऱ्यात आणि त्यांच्या घरच्यांना दुसऱ्या टोकाला बसविले, तर ती सोय कसली? आणि या जागा सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत. स्वस्त तिकिटाच्या आणि महाग तिकिटाच्या, सावलीच्या आणि उन्हाच्या अशा सर्व भागांत त्या विखुरलेल्या हव्यात, म्हणजे इतरांप्रमाणेच या प्रेक्षकालाही निवड करता येईल.

सहावी कडी दृष्टीची. हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतात, आणि समोरचा प्रेक्षक उभा राहिला की त्याचे डोके साडेपाच फुटांवर जाते. म्हणून खुर्चीची जागा पुढच्या रांगेपेक्षा इतकी उंच हवी की पुढचे सारे उभे राहिले तरी मैदान दिसावे. खेळातला परमोच्च क्षण नेमका तोच असतो, ज्या क्षणी सारे उभे राहतात. तो क्षण ज्याला दिसत नाही, त्याने सामना पाहिला असे कसे म्हणावे?

सातवी कडी स्वच्छतागृहाची. दार रुंद आणि बाहेर उघडणारे, आत खुर्ची वळविण्याइतकी जागा, भिंतीला आधाराच्या दांड्या. दादांनी दिवसभर पाणी का घेतले नाही, ते येथे आपल्या ध्यानात येईल. मैदानात सात-आठ तास बसावयाचे आणि ओठ ओले करावयाचे नाहीत, ही तपश्चर्या आपण कोणत्या हक्काने एखाद्याकडून करवून घेतो? आणि शेवटची कडी बाहेर पडण्याची. आग लागली, पळापळ झाली, तर उद्वाहक बंद होतात. तेव्हा खुर्चीतल्या प्रेक्षकाने कोणत्या वाटेने जावे आणि त्याच्या मदतीला कोणी यावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

ही साखळी जगात काही ठिकाणी जुळविली गेली आहे, पण तीसुद्धा सहजासहजी जुळलेली नाही. खेळाडूंचा मार्ग तुलनेने लवकर मोकळा झाला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात युद्धात जायबंदी झालेल्या १६ स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्यातून १९६० साली रोम येथे पॅरालिंपिकची परंपरा सुरू झाली. १९७२ साली हायडलबर्ग येथील स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळविली, आणि २०२५ साली दिल्लीत अपंग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धाही भरली. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु असामान्य पराक्रम करणाऱ्याला डोक्यावर घेणारा समाज, ज्याला पराक्रम करावयाचा नाही, केवळ शेंगदाणे खात सामना पाहावयाचा आहे, अशा सामान्य अपंगाचा विचार करतो काय, हा माझा प्रश्न आहे.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. त्यानंतरही भांडावे लागलेच. वॉशिंग्टन येथे १९९७ साली एक मोठे क्रीडागार उभे राहत होते. मेरुदंडास इजा होऊन पांगळ्या झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने न्यायालयात तक्रार केली की खुर्चीच्या जागा आहेत खऱ्या, पण पुढचे प्रेक्षक उभे राहिले की तेथून काही दिसत नाही. न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि अशा जवळजवळ सर्व जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून दिसले पाहिजे, असा निर्णय दिला. दादांची तक्रार त्या सैनिकांनी मांडली आणि ती जिंकली, असे मला त्यासंबंधी वाचताना वाटले.

दुसरा खटला आम्हां फायलीतल्या माणसांच्या विशेष परिचयाचा वाटेल असा आहे. मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान एक लाखाहून अधिक आसनांचे. त्यात खुर्चीच्या जागा शंभरही नव्हत्या. तेथे जुने काँक्रीट काढून नवे घालण्यात आले होते. कायद्याप्रमाणे बांधकामात फेरबदल केला तर अपंगांची सोय करावी लागते, नुसती दुरुस्ती केली तर लागत नाही. विद्यापीठाचे म्हणणे असे की आम्ही केवळ दुरुस्ती केली. शब्दाचा हा खेळ आपल्यापैकी कोणाला नवा आहे? २००७ साली अपंग माजी सैनिकांनी दावा लावला, सरकारही त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि २००८ साली तडजोड होऊन सव्वातीनशेहून अधिक जागा, आणि प्रत्येकीशेजारी सोबत्याची जागा, देण्याचे ठरले.

इंग्लंडमध्ये २००३ साली प्रेक्षागारांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. तीत ४० हजार आसनांच्या मैदानाला खुर्चीच्या २१० जागा आणि त्यापुढील दर हजारी आणखी दोन, असे माप सांगितले आहे. पण ती मार्गदर्शिकाच असल्यामुळे श्रीमंत क्लबसुद्धा बारा वर्षे चालढकल करीत राहिले. टीका वाढली तेव्हा २०१५ साली तेथील प्रमुख फुटबॉल लीगच्या क्लबांनी दोन वर्षांत ते माप पुरे करण्याचा शब्द दिला. काहींनी मुदत पाळली, काहींनी नाही. मँचेस्टर युनायटेडने मात्र आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात अपंग प्रेक्षकांसाठी जागा करताना एकूण आसनांत दोन हजारांहून अधिक घट सोसली. तेथे एकेका तिकिटासाठी वर्षानुवर्षे थांबणारे लोक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीची किंमत कळते.

हेच माप आपल्याकडे लावून पाहू. अहमदाबादचे नवे मैदान १,३२,००० आसनांचे म्हणून गाजले. इंग्लंडच्या मापाने तेथे खुर्चीच्या ३९४ जागा व्हाव्यात. अमेरिकेच्या मापाने, म्हणजे पहिल्या पाच हजार आसनांना ३६ आणि पुढील दर दोनशेला एक, या हिशेबाने ६७१. लाखाच्या हिशेबात हे आकडे इतके लहान आहेत की संयोजकांच्या उत्पन्नात त्याने मोठा खड्डा पडेल असे म्हणवत नाही.

आता आपल्या कायद्याकडे येतो. १९९५ साली अपंगांसाठी पहिला कायदा झाला. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार भारताने मान्य केला. त्यात क्रीडास्थळी प्रवेश मिळण्याचा हक्क स्पष्ट नमूद आहे. मग २०१६ चा नवा कायदा आला. अपंगांसाठीची मानके पाळल्याशिवाय कोणत्याही इमारतीला बांधकामाची परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे तो सांगतो. नियम जाहीर झाले जून २०१७ मध्ये. म्हणजे ती पाच वर्षे जून २०२२ मध्ये भरली. या नियमांतील पंधरावा नियम मात्र मार्गदर्शिकांच्या भाषेत लिहिलेला होता. 'केलेच पाहिजे' आणि 'करावे' या दोहोंतील अंतर सरकारी माणसाला सांगावे लागत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच अंतरावर बोट ठेवले. कायदा बंधनकारक असताना नियम केवळ शिफारस करणारा कसा असू शकतो, असे म्हणून न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत घालून दिली. त्या वेळी सरन्यायाधीशपदी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

कायद्याविषयी एवढे बोलल्यावर एक कबुली देणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या ताब्यातील एका कार्यालयीन इमारतीविषयी छापील तक्ता आला होता. त्यात प्रश्न होता: 'उतार आहे काय? होय किंवा नाही.' मी 'होय' असे लिहून सही केली. उतार होताच, माझ्या खिडकीतून दिसत असे. पुढे दादा माझ्याकडे आले असता त्यांना कार्यालय दाखवावे म्हणून घेऊन गेलो. तो उतार इतका उभा होता की खुर्ची मागे घसरू लागली. आणि वर पोचावे तर सरकत्या लोखंडी दाराला कुलूप आणि दारापुढे दोन मोटारसायकली. शिपायांनी दादांना उचलले. दादांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. माझी सही त्या तक्त्यावर होती, आणि दादांची ती अवस्था आणणाऱ्या माणसांपैकी मी एक होतो. ज्याच्या घरात चाकांची खुर्ची आहे तो माणूस जर खिडकीतून पाहून सही करतो, तर इतरांना दोष काय द्यावा? त्यानंतर मी तो उतार नव्याने बांधून घेतला. परंतु त्या एका 'होय' ने तोवर किती जण परत गेले असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

या विषयावर बोलू लागले की काही आक्षेप हमखास येतात. पहिला असा की 'असे लोक येतात तरी किती?' २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांतील सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व चालण्या-फिरण्याचे आहे. ते मैदानात दिसत नाहीत, कारण दादांप्रमाणे ते एकदा येऊन गेलेले असतात. पूल नसलेल्या नदीवर 'पलीकडे कोणी जातच नाही, मग पूल कशाला' असे म्हणावे, तसाच हा युक्तिवाद आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. जुनी इमारत फोडून बदल करावयाचा तर खर्च येतो, हे खरेच. पण नकाशावरच विचार केला तर तो खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो, हे आपल्या मंडळातील कोणतेही अभियंते सांगतील. तिसरा आक्षेप सर्वांत गोड शब्दांत येतो: 'घरी दूरदर्शनवर अधिक चांगले दिसते की!' मग आपण चाळीस हजार माणसे उन्हात का जातो? चेंडू दिसावा एवढ्यासाठी मुळीच नव्हे. शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकाच क्षणी ओरडता यावे, म्हणून आपण जातो.

आणि कोणी म्हणेल, पोलिओ तर देशातून गेला. गेला, आणि त्याचा आनंद आमच्या घरापेक्षा अधिक कोणाला झाला असेल? २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी ग्वाही दिली. पण रस्त्यावरचे अपघात गेले नाहीत, पक्षाघात गेला नाही, संधिवात गेला नाही आणि वार्धक्य तर कोणाचेच चुकलेले नाही. आज आपण अपंग म्हणतो, कोणी दिव्यांग म्हणतात. शब्द कोणताही वापरला तरी पायरी जेथे आहे तेथेच राहते, आणि तिच्यापाशी आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा येऊन थांबणार आहे.

या मंडळापुढे हा विषय मी का मांडला? पन्नास वर्षांपूर्वी आपली काही वडीलधारी मंडळी नोकरीनिमित्त या परक्या शहरात आली. पोटापाण्याची ददात नव्हती, शेजारीही चांगले होते. तरी गणपतीत आरतीला उभे राहताना, नाटक पाहताना, आपल्या माणसांत बसावयास एक जागा असावी, असे त्यांना वाटले. त्यातून हे मंडळ उभे राहिले. आपल्या माणसांत बसावयास एक जागा असणे म्हणजे काय, हे घर सोडून आलेल्याला सांगावे लागत नाही. दादांना त्या मैदानात हवे होते ते एवढेच.

आपल्यापैकी कित्येक जण सार्वजनिक बांधकामात, रेल्वेत, टपाल खात्यात, बँकांत अधिकाराच्या जागेवर आहेत. नकाशा आपल्या टेबलावरून जातो, दाखला आपल्या सहीने निघतो. सही करण्यापूर्वी एकदा खाली उतरून पाहा, शक्य तर चाकांची खुर्ची मागवून तीत बसून पाहा, एवढीच माझी विनंती आहे. आणि प्रेक्षक या नात्याने आपण प्रत्येक जण संयोजकांना पत्र लिहू शकतो. गेल्या महिन्यात, दादांना सामना दाखवावा या इच्छेने, मी एका क्रीडा संघटनेला पाच प्रश्न विचारले आहेत: खुर्चीच्या जागा किती व कोणत्या भागांत आहेत? सोबत्याला शेजारी बसता येते काय? पुढचे उभे राहिले तरी तेथून दिसते काय? त्याच मजल्यावर खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे काय? कोणत्या दाराने यावे आणि संकटात कोणत्या दाराने जावे? त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. परंतु शंभर घरांतून अशी शंभर पत्रे गेली, तर उत्तर देणे भाग पडेल.

शेवटी घरचेच. आपल्या सभागृहापर्यंत चौदा पायऱ्या आहेत. आज येताना मी त्या मोजल्या. त्या एकंदर सात फूट चढतात, म्हणजे एकास बारा या प्रमाणाने चौऱ्याऐंशी फुटांचा उतार लागेल. मागच्या अंगणात तो दोन वळणे घेऊन बसू शकतो. अंगण मी पावलांनी मोजून पाहिले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून स्वागत कमान उभारण्याचा विचार चालला आहे, असे ऐकतो. ती कमान पुढच्या वर्षी उभारावी आणि आधी हा उतार बांधावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवतो. माझ्या वतीने एका महिन्याचे वेतन या कामासाठी मी कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे.

पुढील गणेशोत्सवात ज्यांचा आज आपण सत्कार केला ते आजोबा स्वतःच्या हाताने चाके फिरवीत येथे यावेत, आणि त्यांना पाहून कोणालाही टाळ्या वाजवाव्याशा वाटू नयेत, इतके ते नेहमीचे होऊन जावे, एवढीच श्रीगजाननाचरणी प्रार्थना.